एकास पाचशे

आमच्या भागाला नाव नाही, अक्षर आहे.
एन. मग आकडा. मग पुन्हा अक्षर.
रिक्षावाला विचारतो, "कशापाशी?"
मी म्हणते, पाण्याच्या टाकीपाशी,
आणि तो हसतो. टाक्या चार आहेत,
चारही सारख्या.

ह्या गल्ल्या मी काढल्यात.
म्हणजे आखल्या साहेबांनी, मुंबईला बसून;
मी ट्रेसर. स्टुलावर पाय दुमडून
एकशे अठरा रो-हाउसेस, एकास पाचशे,
श्वास रोखून, कारण घामाचा थेंब पडला
की कागद फुगायचा.
तेव्हा इथं ज्वारी होती, कडेनं बाभळी,
आणि एक म्हातारा
मोजणीच्या खुंटीला शेळी बांधायचा.
ती खुंटी किती वेळा हलली असेल, देव जाणे.

पहिल्या वर्षी घरं इतकी एकसारखी
की मागच्या गल्लीतले कोंडेकर सर
संध्याकाळी आमच्याकडं शिरले, चपला काढल्या,
खुर्चीत बसून "चहा टाक" म्हणाले.
मी टाकला.
अर्धा कप झाल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून
कपबशी तशीच हातात घेऊन उठले.
बशी दुसऱ्या दिवशी परत आली, वर चार पेरू.
त्या दिवाळीत ज्यानं त्यानं
आपापल्या दाराला वेगळा रंग दिला.

आता दुपारी काय ऐकू येतं, सांगते.
कूलरचा पंप.
रईसाबाजींच्या मशीनची एक लांबलचक शिवण.
कुलूप लावलेल्या घरात
वाजून वाजून थकणारा गजर.
पोरं पुण्यात, एक डॅलसला;
अंगणात त्यांच्या गाड्या, वर खाकी आवरणं,
आत मांजरींची बाळंतपणं.

आठव्या दिवशी मात्र नळ.
रात्री दीडला तोटी आधी खोकते,
मग सगळी गल्ली उठते:
मोटारी, पाईप, गाऊनवर ओढण्या,
"आलं का तुमच्याकडं?"
"येऊ राहिलं, पण बारीक."
लग्नघरासारखे दिवे. कोणी कोणाला
पोराच्या सोयरिकीचं त्याच वेळी सांगून टाकतं.
अडीचला पुन्हा चिडीचूप.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
एकोणऐंशीचा मार्च, शीट नंबर चौदा.
शाई सांडली.
ब्लेडनं खरवडली, नखानं घासली.
पण खरवडलेल्या जागी पुन्हा रेघ ओढली तर फुटते,
म्हणून एका टोकाला चार मिलिमीटर
बाजूनं नेली.
अमोनियाच्या वासाच्या प्रती निघाल्या, सह्या झाल्या.
जमिनीवर त्याचे दोन मीटर झाले
आणि कोपऱ्यावर एक तिरका तुकडा उरला,
कुणाच्याच कागदात नसलेला.

तिथं लिंब उगवला, आपला आपण.
लिंबाखाली उद्धव इस्त्रीवाला, एकवीस वर्षं.
गावाला जाणारे किल्ल्या त्याच्याकडं ठेवतात.
कुरिअर त्याच्याकडं.
सून नांदायला परत आली, हे
सासूच्या आधी त्याला कळतं.

गेल्या मंगळवारी महापालिकेची दोन पोरं आली.
टेपचं एक टोक लिंबाला, एक खांबाला.
"ही जागा नकाशात दिसत नाही, काकू."
"मग नसेल," मी म्हणाले.
त्यांनी तिथंच सावलीत बसून डबे खाल्ले,
आणि जाताना खांबावर
लाल रंगानं एक आकडा घातला.

रात्री बॅटरी घेऊन बघून आले.
आकडा चुकलाय. दहा-बारा सेंटिमीटरनं.
हात शिवशिवला, खरं सांगते.

सकाळी दोन साड्या द्यायच्याच होत्या.
उद्धव इस्त्रीत कोळसा भरत होता,
मान वर न करता म्हणाला,
"बाई, तुम्ही तर नकाशाच्या ऑफिसात होतात.
लाल म्हणजे काय असतं?"

मी म्हणाले, फार तापवू नकोस,
सुती आहेत.